मेणवेलीचं अमृत

"बाई, इथंच उतरा. पुढं रिक्षा जात नाही," रिक्षावाल्यानं पाय जमिनीला टेकवला आणि गमछ्यानं तोंड पुसलं.

पुष्पलतानं मांडीवरचा रोपं दाबून ठेवलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा सावरत समोर पाहिलं. पंधरवड्यापूर्वी ती कॉलेजच्या मुलांना घेऊन पचमढीला वनस्पती गोळा करायला गेली, तेव्हा नागपुरातल्या सक्करदऱ्याची ही गल्ली संध्याकाळीही कुत्र्यांनी आडवं पडावं इतकी सुनसान असायची. आज तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतींना सायकली टेकवलेल्या, उमरेडकडून आलेल्या बैलगाड्या सोडलेल्या, नारळवाले, फुटाणेवाले, एक फुगेवालासुद्धा. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माणसं उभी होती आणि सगळ्यांची तोंडं एकाच फाटकाकडं होती.

"कोणी गेलं का हो?"

"गेलं नाही बाई, आलं! बाबारावजी वखारवाल्याच्या अंगणात देवीची वेल फुलली. फुलातून अमृत टपकून राहिलं. शुगर, संधिवात, मूळव्याध, समदं खतम! माही सासू चाटून आली, तं आता भिंत धरून चालते."

"आधी चालत नव्हती?"

रिक्षावाल्यानं गमछा खांद्यावर टाकला. "चालत तं होती," तो म्हणाला, "पण श्रद्धेनं नव्हती चालत."

पुष्पलता उतरली. ती शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बाबारावांच्या अंगणातली वेल म्हणजे कोणती, हे तिला पाहण्याआधीच कळलं होतं. बाबारावांची सून इंदुताई हिला तिनंच काही वर्षांमागं आपल्या व्हरांड्यातल्या होया नावाच्या वेलीची एक फांदी कापून दिली होती. कलकत्त्याच्या रोपवाटिकेतून आणलेली शोभेची वेल. इकडं तिला कोणी मेणवेल म्हणे, कोणी मेणफूल.

गर्दीतून वाट काढत ती फाटकाशी पोचली. अंगणात नवा बांबूंचा मांडव उभा होता आणि त्यावर वेल चढवली होती. जाड, तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत पानं. मधूनमधून लोंबणारे फुलांचे घोस. चिनी मातीतून कापून काढाव्यात तशा पांढऱ्या चांदण्या आणि प्रत्येकीच्या पोटात दुसरी लालसर चांदणी. खाली चौरंगावर देवीची मूर्ती. एका घोसाच्या आतून थेंब फुगत आला, लोंबला, आणि टप्पकन देवीच्या कपाळावर पडला.

"जय!" गर्दी किंचाळली. बायकांनी पदर पसरले. एकजण तर जमिनीवर लोळण घेऊ लागला.

मांडवाच्या खांबाला पाठ लावून एक गलेलठ्ठ इसम बसला होता. भगवी लुंगी, कपाळभर शेंदूर, बोटांची नखं वाढून पिवळी पडलेली. हा वेलनाथ महाराज.

"बेल बोलती है, माई, मैं तो सिर्फ कान हूँ!" तो गळा ताणून सांगत होता. "बारा बरस हिमालयात ही वेल शोधली. कुठी सापडली? सक्करदऱ्यात! वांझ होती. मी पाहिलं, फुंकर मारली, अन् फुलली. देवी रडून राहिली बापा, तुमच्या दुखण्यासाठी रडून राहिली! हात नाही लावायचा. हात लावला तं वेल रुसते. आंधळी होते आंधळी, लावणाऱ्याची सात पिढी!"

मग त्यानं देवीच्या कपाळावरचा चिकट थेंब नखानं खरवडला, पानाच्या द्रोणात टाकला, त्यात तांब्यातलं पाणी ओतलं, आणि रांगेतल्या माणसांच्या बाहेर काढलेल्या जिभांना तो एकच द्रोण लावत सुटला. ओठ फुटलेला एक माणूस चाटून गेला, त्यामागं खोकणारी बाई चाटून गेली, तिच्यामागं तिचं तान्हं. द्रोणाच्या काठावर माश्या बसत होत्या. महाराज त्या फुंकून उडवी आणि पुढच्या जिभेकडं वळे.

विद्यार्थ्यांसमोर कुजकी फळं, बुरशी, किडे उघडून दाखवताना पुष्पलताचं मन कधी कालवलं नव्हतं. या जिभांची तिला शिसारी आली.

अंगणाच्या दुसऱ्या बाजूला एक वेगळी रांग होती. तिथली माणसं तिनं ओळखली, तलावापलीकडच्या वस्तीतली, तिच्या स्वतःच्या माणसांची. त्यांना द्रोण नव्हता. महाराजाचा चेला उंच हात करून तांब्यातून त्यांच्या ओंजळीत धार सोडत होता, अंगाला अंग लागू नये इतक्या वरून. आणि त्या रांगेत, एका पायावर भार देऊन, तिची जयवंतामावशी ओंजळ पसरून उभी होती.

पुष्पलताला खरंच वाटेना. हीच ती मावशी, जिनं आईमागं तिला वाढवलं, गिरणीत उभ्यानं पाळ्या करून बी.एस्सी., एम.एस्सी. केलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देवांचे टाक स्वतःच्या हातानं तलावात सोडणारी मावशी.

"मावशी! तू इथं काहून?"

जयवंताबाई दचकली, पण ओंजळ तिनं मोडली नाही. "मी देवाले नाही आली वं. मी औषधाले आली. महाराज म्हणते, हे देवधरम नाही, वनस्पती आहे. तू बी तं वनस्पतीच शिकवते!"

"अन् हे वरून ओतते ते? ते बी वनस्पतिशास्त्रच आहे का?"

मावशीनं खाली पाहिलं. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. ते तिनं पटकन तोंडात घातलं.

घरी आल्यावर सगळं उलगडलं. मावशीला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता आणि रोज इन्सुलिनची सुई लागे. पुष्पलता पचमढीला गेल्यावर शेजारणींबरोबर ती वेल पाहायला गेली. महाराजानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, ओठ सुकलेले पाहिले, आणि "शुगर है माई!" म्हणून सांगितलं. मावशीला तेवढं पुरलं. सुईनं वेल रुसते असं तो म्हणाला, म्हणून तिनं इन्सुलिनची कुपी तलावात टाकून दिली. रोज सकाळ-संध्याकाळ ओंजळभर अमृत, आणि घरी प्यायला एक बाटली वेगळी.

"अन् पायाले काय बांधलं?"

"फोड आला होता जरासा. महाराजानं वेलीचं पान बांधलं. चीक लागला का मास भरून येते म्हणे."

पुष्पलतानं दोरा सोडला. पानाखालून जो वास आला त्यानं तिनं तोंड फिरवलं. फोड नव्हता तो. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती आणि मधून पिवळं पाणी झरत होतं.

"दुखत नाही मले," मावशी म्हणाली.

"दुखत नाही हेच वाईट आहे, मावशी."

मधुमेह असलेल्या घरात असायची तशी त्यांच्या घरातही एक परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या औषधाची बाटली होती. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर बरं, हिरवं-पिवळं झालं तर सांभाळायचं, विटेसारखं लाल झालं तर डॉक्टरकडं पळायचं. पुष्पलतानं नळी तापवली. निळा रंग टिकलाच नाही. बघता बघता नळीत वीट कालवल्यासारखा लाल गाळ उभा राहिला.

"हे पाह, मावशी!"

"महाराज म्हणते, रोग बाहेर पडून राहिला, म्हून रंग येते," मावशी शिकवल्यासारखं बोलली.

पुष्पलतानं नळी धुतली, पुन्हा निळं औषध घेतलं, आणि या वेळी त्यात अमृताच्या बाटलीतले थेंब सोडले. ज्योतीवर धरताच तेही लाल झालं, तस्संच.

"सांग आता. तुह्या अमृताच्या अंगातून कोणता रोग बाहेर पडून राहिला?"

जयवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुले नाही समजत वं पुष्पे. रोज सकाळी चुलीवर ती काचेची सिरिंज उकळते, तिचा खुळखुळ आवाज आला का मी कान झाकून घेते. इतके वर्स मीच मले टोचते. कोणी तरी 'सोड' म्हणावं, याची मी वाट पाहून राहिली होती. त्यानं म्हटलं, मी सोडली."

पुष्पलतानं तिला जवळ घेतलं. मग ती इन्सुलिन आणायला धावली. परतली तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली होती, पण हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. श्वास खोल, घाईचा, आणि त्याला सडक्या फळांसारखा वास. शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला रिक्षात घातलं आणि मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, नेलं.

डॉ. शरच्चंद्र म्हणून एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाडी पाहिली, पाय पाहिला, बाटली हुंगली आणि अमृताचा एक थेंब बोटावर घेऊन चोळला.

"सुई बंद केली, आणि वर हे पाजलंत? अहो, ही काकवी आहे, पाणी घालून पातळ केलेली! मधुमेहाच्या बाईला उसाची काकवी!"

"जगेल ना?"

"जगवू. पायाचं मात्र आज काही सांगत नाही."

रात्रभर मावशीच्या शेजारी बसून सकाळी पुष्पलता घरी आली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट खुपत होती. होयाची फुलं मध गाळतात, हे खरं. संध्याकाळी वास दरवळतो आणि फुलांच्या पोटातून मधाचे स्वच्छ थेंब लोंबतात. तिच्या व्हरांड्यातल्या फरशीवर त्याचे चिकट डाग पडत आणि ती ते ओल्या फडक्यानं पुसत असे. पण अख्ख्या वेलीचा दिवसभराचा मध गोळा केला तर चमचा भरायची मारामार. इथं तर तांबे भरभरून वाटप चाललं होतं. आणि ते काकवीचं होतं.

दुपारी दर्शन बंद ठेवून महाराज जेवून मांडवामागच्या खोलीत घोरत असताना ती बाबारावांच्या अंगणात शिरली. इंदुताई एकटीच शेण-सडा करत होती. पुष्पलताला पाहून ती कावरीबावरी झाली.

"ताई, तुमच्या मावशीचं ऐकलं. कशा आहेत?"

"पाय जाईल बहुतेक." पुष्पलता तिच्याजवळ गेली. "इंदू, ही वेल मी दिली तुले. तू सांगतलं नाही घरी?"

इंदुताईनं आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "कसं सांगू? इतके वर्स ती फुलत नव्हती, अन् मले बी लेकरू नाही. सासूबाई दोघींले एकाच नावानं हाका मारे. वेल फुलली त्याच हप्त्यात महाराज भिक्षेले आले. म्हणाले, माह्या नजरेनं फुलली, आता सून बी फुलन. तेव्हापासून मले कोणी टोचून बोलत नाही, ताई. दोन घास सुखानं खाते."

"वेल काहून फुलली सांगू? तुले आठवते, मी म्हटलं होतं, हिले लहान कुंडीत ठेव, विटांचे तुकडे, कोळसा, नारळाचा काथ्या टाक, अन् माती पार सुकल्याशिवाय पाणी देऊ नको. तू लाडानं मोठ्या कुंडीत लावली, रोज पाणी घातलं. ती नुसती पानं काढत राहिली, मुळं बी सडत होती."

"मंग मी कंटाळली. यंदा उन्हाळ्यात पाणी घालायचं बी सोडलं. कोपऱ्यात सावलीले ढकलली."

"तेच हवं होतं तिले. नागपूरचं ऊन डोक्यावर नको, पण सकाळचा उजेड पाहिजे. मुळं कुंडीत दाटली, पाणी कमी झालं, वय झालं, फुलली. कोणाची नजर नाही अन् फुंकर नाही. तू तिचा नाद सोडला, एवढंच झालं."

इंदुताई वेलीकडं पाहत राहिली. "अन् मी समजत होती..."

पुष्पलता मांडवाखाली गेली आणि पहिल्यांदा तिनं वेल जवळून पाहिली. लांबून ताजे वाटणारे बहुतेक घोस केव्हाच वाळले होते. होयाचं फूल आठवडा-दीड आठवडा टिकतं, मग गळतं. देठ तेवढा राहतो आणि पुढच्या खेपेला त्याच देठावर पुन्हा कळ्या धरतात, म्हणून तो कधी तोडायचा नसतो. देवीच्या डोक्यावरच्या घोसात तर कोमेजलेल्या दोन-तीन चांदण्या उरल्या होत्या. बाकीच्या दोऱ्यानं बांधलेल्या, कागदाच्या होत्या. कागदाच्या! मेणात बुडवलेल्या.

आणि मुंग्या. तिच्या घरच्या वेलीवर मुंग्या फुलांपाशी गोळा होत, मधाभोवती. इथं मुंग्यांची काळी रांग फुलांवरून सरळ पुढं जात होती, बांबूवर चढत होती, आणि बांबूच्या पेऱ्यातल्या एका भोकातून आत शिरत होती. तिनं बोटाच्या गाठीनं बांबूवर टकटक केलं. बाकीचे बांबू पोकळ वाजले. हा भरीव वाजला.

तिनं बांबू फोडला नाही. एकटीनं काढलं तर महाराज म्हणेल, हिनंच घातलं. सगळ्यांसमोरच उघडायला हवं होतं.

संध्याकाळी गर्दी पुन्हा जमली. पुष्पलता आली ती हातात आपल्या व्हरांड्यातली कुंडी घेऊन. छोटी, काठोकाठ मुळांनी भरलेली, आणि तिच्या वेलीवर ताज्या फुलांचे घोस लगडलेले. उन्हं कलली होती. वास सुटला होता. तिनं कुंडी एका उंच स्टुलावर ठेवली आणि फाटकाबाहेर पडलेली कोणाची तरी तुटकी रबरी चप्पल उचलून घोसाखाली मांडली.

"हे काय करून राहिली वं मास्तरीण?" महाराज गुरगुरला.

"काही नाही, महाराज. थांबा जरा."

लोक पाहत राहिले. फुलाच्या पोटातून एक थेंब फुगला, चमकला, आणि टप्पकन चपलेवर पडला. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"घ्या," पुष्पलता म्हणाली. "मंत्र नाही, देवी नाही, हिमालय नाही. चपलेवर अमृत पडलं. चाटता का कोणी?"

कोणी पुढं आलं नाही. महाराज मात्र डगमगला नाही. "अरे, ही वेल त्याच वेलीची लेक! माह्या वेलीची शक्ती तिच्यात उतरली!"

"उलटं आहे. तुमची वेल माह्या वेलीची लेक आहे. मी दिली."

"खोटं! कोण साक्षीदार?"

बाबाराव सुनेकडं पाहत होते, त्यांची बायकोही. इंदुताईच्या तोंडावर घाम आला होता.

"मी साक्षीदार," ती म्हणाली. "वेल पुष्पाताईनं दिली मले. मामंजी, तुम्हीच कुंडी आणून दिली होती. तुम्ही विसरले."

"बहू पर भूत सवार है!" महाराज ओरडला. "बाबाराव, आत न्या तिले! कोख जन्मभर बंद होईन!"

पुष्पलता बाबारावांकडं वळली. "बाबारावजी, बांबू तुमच्या वखारीतले ना? मंग हा एक बांबू बाकीच्यासारखा वाजत काहून नाही, पाहा. आत मुंग्या काहून शिरून राहिल्या, ते बी पाहा."

बाबाराव जागचे हलेनात. आपलीच फजिती आपल्या हातानं उघडायची, हे धाडस त्यांच्यात नव्हतं. महाराज बांबूला पाठ घट्ट रेटून बसला. तेवढ्यात इंदुताईनं पदर खोचला, कुंपणाशी पडलेला कोयता उचलला, आणि महाराजाच्या डोक्यावरच्या पेऱ्यावर सपकन मारला. महाराज किंचाळून बाजूला लोळला. दुसऱ्या घावाला बांबू फुटला.

आतून साप निघावा तशी लाल रबरी नळी बाहेर आली, सलाईनची. तिचा चिमटा महाराजाच्या मांडीमागं होता. दाबला की बंद, सोडला की सुरू. नळीचं एक टोक वेलीच्या देठाला दोऱ्यानं गुंडाळून कागदी चांदण्यांच्या घोसापर्यंत नेलं होतं. दुसरं वर मांडवाच्या गवती छपरात. इंदुताईनं नळी ओढली. गवतातून भली मोठी काचेची बाटली सरकत आली आणि दोरीला लटकून सगळ्यांच्या तोंडासमोर डुलू लागली.

आत तांबूस, फेस आलेलं, आंबलेलं पाणी होतं. त्यात फुगलेल्या माश्यांचा थर. झुरळं. आणि पांढरी पडलेली, सालटं सुटलेली एक पाल.

पहिली ओकारी कोणाची निघाली हे कळलंच नाही. मग मात्र अंगणभर सुरू झालं. इतके दिवस जीभ काढून उभी राहिलेली माणसं भिंतीला धरून ओकत होती. एक बाई लेकराच्या घशात बोटं घालत होती. फुगेवाला फुगे सोडून पळाला.

आणि दुसऱ्याच क्षणी तीच माणसं दगड घेऊन महाराजावर धावली. ज्याच्या नखातला मळ काल प्रसाद होता, त्याची दाढी आज उपटली जात होती. ते पाहून पुष्पलताला पहिल्याइतकीच किळस आली. ती मध्ये उभी राहिली.

"हटा! मारू नका! मेला तर उद्या तुम्हीच याची समाधी बांधाल! पोलिसांच्या ताब्यात द्या याले. कोर्टात सांगू द्या, बाटलीत काय होतं ते."

लोक कुरकुरत थांबले. काही जण मग वेलीकडं वळले. "उपटा ही चेटकीण!" म्हणत एकानं फांदीला हात घातला.

"तिनं काय केलं?" इंदुताई कोयता धरून वेलीसमोर उभी राहिली. "ती तं फक्त फुलली."

महाराजाला ठाण्यात नेलं. बाबारावांनी मांडव स्वतःच्या हातानं मोडला.

जयवंताबाई वाचली, पण पाय वाचला नाही. घोट्याच्या वरपर्यंत विष चढलं होतं. गुडघ्याखालून तो काढावा लागला. घरी आणल्यावर गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, खाटेभोवती दाटीवाटीनं बसल्या. त्यांत पार्वतीबाई होती. शेजारची, गेले काही महिने सारखी तहान लागते म्हणून तांब्या घेऊनच फिरणारी.

"वेलनाथ तं चोर निघाला," पार्वतीबाई म्हणाली, "पण खापा गावी एक बाबा आहे म्हणते, तो खरा आहे. तो काहीच देत नाही, नुसता हात फिरवते."

पुष्पलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बोलणार, तेवढ्यात मावशीनं अंगावरची चादर बाजूला केली. बायकांनी नजरा वळवल्या.

"पाहा नं. पाहा इकडं," जयवंताबाई म्हणाली. "चोर निघाला, म्हून हा पाय नाही गेला. मी विचारलं नाही, म्हून गेला. सुईची भीती होती मले, अन् त्यानं माही भीती ओळखली. तेवढीच त्याची विद्या. तुमच्या बी मनात काही ना काही भीती असनच. लेकराची, नवऱ्याची, दुखण्याची. जो कोणी येईन, तो तिथंच बोट ठेवन. तेव्हा एवढंच करा. त्याले म्हणा, उघडून दाखव. कसं होते ते सांग. हात लावू दे, डॉक्टरले दाखवू दे. जो म्हणन हात लावू नका, विचारू नका, डॉक्टर सोडा, त्याच्या दारात पाय ठेवू नका. शिकल्या नसान तरी चालते. विचाराले काही शिकावं लागत नाही."

बाहेर पोरं सायकलचा टायर पळवत होती. पार्वतीबाईनं तांब्यातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि बराच वेळ तो रिकामा तांब्या मांडीवर फिरवत राहिली.

"पुष्पाताई," ती शेवटी म्हणाली, "ते निळं औषध तापवून पाहते, ते माहं बी पाहता का?"

"आत्ताच पाहते," पुष्पलता म्हणाली आणि दिवा पेटवायला उठली.